तसबिरींतल्या लेकीसुना

घराच्या भिंतीवर काय टांगावें, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटतो. परंतु ज्या वस्तूवर आपली दृष्टि दिवसांतून दहा वेळां नकळत जाते, तिचा मनावर होणारा संस्कार एखाद्या ग्रंथाच्या संस्काराहून कमी असतो असें आम्हांस वाटत नाहीं. ग्रंथ वाचून मिटतां येतो. तसबीर मिटतां येत नाहीं. म्हणून कोणत्याहि समाजाच्या अभिरुचीचा शोध घेणाऱ्यानें त्याचीं पुस्तकांचीं कपाटें तर पाहावींतच, पण त्याच्या घरांच्या भिंतीहि पाहाव्या.

अशा भिंतींवर गेल्या दीडशें वर्षांत एका विशिष्ट प्रकारच्या चित्रांनीं आपलें स्थान पक्कें केलें आहे. इटलींतील विद्येच्या पुनरुज्जीवनाच्या काळीं, म्हणजे स्थूलमानानें १४४० पासून १५६० पर्यंत, तेथील चित्रकारांनीं काढलेलीं स्त्रियांचीं व्यक्तिचित्रें हा तो प्रकार होय. त्यांच्या छापील प्रती युरोप-अमेरिकेंतील असंख्य घरांतून लागलेल्या आहेत. आणि आपल्याकडेहि मोना लिसेचें मुख ओळखत नाहीं असा सुशिक्षित मनुष्य विरळाच. ज्या बायकांचीं नांवें आपल्या जिभेवर नीट बसत नाहींत, ज्यांचा देश, धर्म, वेष सर्वच परका, त्यांना आपल्या बैठकीच्या खोलींत मानाची जागा कां मिळावी? 'त्या सुंदर आहेत' हें उत्तर पुरेसें नाहीं. सुंदर मुखें प्रत्येक देशाच्या आणि प्रत्येक काळाच्या चित्रांत आहेत. आमच्या मतें याचें कारण त्या चित्रांच्या जन्मांतच आहे. हीं चित्रें बहुधा घरासाठींच जन्मलीं. तीं कोणाच्या तरी लेकीचीं, कोणाच्या तरी सुनेचीं आहेत. आणि घराची प्रतिष्ठा दाखविण्याकरितां काढलेल्या या चित्रांतून ती लेक किंवा ती सून स्वतः हळूहळू कशी डोकावूं लागली, हाच त्यांचा इतिहास आहे. तो थोडक्यांत सांगण्याचा येथें विचार आहे.

पंधराव्या शतकांतील फ्लॉरेन्स ही लोंकर, रेशीम आणि सावकारी यांवर श्रीमंत झालेली व्यापाऱ्यांची नगरी. तेथें लग्न हा दोन घराण्यांमधील व्यवहार असे, आणि त्यांत हुंड्याला पहिलें स्थान असे. हुंड्याचें ओझें इतकें वाढलें कीं १४२५ सालीं नगरराज्यानेंच 'मोन्ते देल्ले दोती' नांवाचा हुंडानिधि सुरू केला. मुलगी लहान असतां बापानें त्यांत रक्कम ठेवावी, आणि कांहीं ठराविक वर्षांनीं तिच्या लग्नाच्या वेळीं ती वाढलेली रक्कम वराच्या हातीं पडावी, अशी ती योजना होती. वराकडूनहि वधूला वस्त्रें व दागिने येत. पण त्यांची मालकी बहुधा नवऱ्याचीच राही, आणि लग्नाचा झगमगाट ओसरल्यावर हे दागिने मोडले, विकले किंवा दुसऱ्या नवरीसाठीं उसने दिले जात. अतिरेकी थाटाला आळा घालण्याकरितां राज्यानें कायदेहि केले होते.

या व्यवहाराचें बोलकें चित्र आलेस्सांद्रा स्त्रोझी नांवाच्या एका विधवेच्या पत्रांत सांपडतें. तिचा नवरा फ्लॉरेन्सबाहेर हद्दपारींत वारला होता, आणि मुलांचा व मुलींचा सारा भार तिच्यावर पडला होता. १४४७ सालच्या ऑगस्ट महिन्यांत नेपल्स येथें असलेल्या आपल्या मुलाला ती मोठ्या समाधानानें कळविते कीं, कातेरीनाचें लग्न मार्को पारेंती या रेशमाच्या व्यापाऱ्याच्या मुलाशीं ठरलें. हुंडा एक हजार फ्लोरिन द्यावयाचा. याहून वरचें स्थळ हवें असतें तर चौदा-पंधराशें मोजावे लागले असते. जांवईबापू हौशी आहेत. त्यांनीं किरमिजी मखमलीचा झगा बेतला आहे, मोत्यांचा शिरपेंच करविला आहे. आणि कातेरीना घराबाहेर पडेल तेव्हां तिच्या अंगावर चारशें फ्लोरिनांहून अधिक ऐवज असेल, असेंहि ती आई लिहिते. मुलगी सोळा वर्षांची. आईच्या या हिशेबांत लोभ नाहीं. मुलगी सुस्थळीं पडली या सुटकेचा तो निःश्वास आहे. ज्या घरांतून मुलींचीं लग्नें झालीं आहेत, त्या घरांना हें पत्र समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं.

याच काळांतील, याच थरांतील स्त्रियांचीं चित्रें आज आपल्यापुढें आहेत. आणि तीं पाहतांना हें पत्र स्मरणांत ठेवावें. लग्न ठरलें म्हणजे नवऱ्या मुलाची खोली नव्यानें सजविली जाई. तिच्यांत मोठा पलंग, चित्रें काढलेल्या पेट्या, मेरीमातेची मूर्ति किंवा तसबीर, आणि घराण्याचीं चिन्हें असत. अशा सजलेल्या घरांतच नव्या सुनेच्या चित्राला जागा मिळे. आरंभींच्या चित्रांत ती स्त्री एका बाजूनें दाखविलेली असते. मिलान येथील पोल्दी पेझ्झोली संग्रहालयांत पोल्लायुओलोनें सुमारें १४७० मध्यें काढलेली एक तरुणी आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरींत बाल्दोविनेत्तीची पिवळ्या झग्यांतील स्त्री आहे. दोघींचीं नाकें, कपाळें, माना जणूं कोरून काढल्या आहेत. कपाळ मोठें दिसावें म्हणून पुढचे केस उपटून काढण्याची तेव्हां रीत होती, तीहि येथें दिसते. मोत्यांची गुंफण, भरजरी बाही, केसांतील जाळी यांवर चित्रकारानें एवढे कष्ट घेतले आहेत कीं जव्हाऱ्यानें किंमत करावी. पण डोळे समोरच्या कोणाकडेहि पाहत नाहींत.

या एकबाजू चित्रणाचीं कारणें दोन सांगतात. एक असें कीं, प्राचीन रोमन नाण्यांवरील सम्राटांचीं मुखें अशींच असत आणि त्या काळच्या विद्वानांना प्राचीनांचें वेड होतें. दुसरें असें कीं, कुलीन स्त्रीनें परपुरुषाच्या दृष्टीला दृष्टि देऊं नये, हा शिष्टाचार चित्रांतहि पाळला जाई. दुसरें कारण आम्हांस अधिक बळकट वाटतें; कारण शतकाच्या मध्यापासून फ्लॉरेन्समधील पुरुष चित्रांत तोंड वळवून आपल्याकडे पाहूं लागले होते, आणि स्त्रिया मात्र पुढें वीस-पंचवीस वर्षें बाजूलाच पाहत राहिल्या. बाल्दोविनेत्तीच्या स्त्रीच्या बाहीवर ताडपत्रांचें मोठें चिन्ह भरलेलें आहे. तें कोणत्या तरी कुळाचें असणार. पण त्या चिन्हावरून स्त्रीचें नांव निश्चित करणें पंडितांना साधलेलें नाहीं. बाही राहिली, मोत्यें राहिलीं, नांव गेलें.

जिचें नांव राहिलें अशा एकीची कथा आतां सांगतों. जिओव्हान्ना ही आल्बिझी या जुन्या घराण्यांतील मुलगी. १४८६ सालच्या जून महिन्यांत तिचें लग्न लोरेंझो तोर्नाबुओनी याच्याशीं झालें. तोर्नाबुओनी हे मेदिची घराण्याचे आप्त. लग्नाचा थाट त्या मानानें मोठा झाला. पुढच्या वर्षीं जिओव्हान्नाला मुलगा झाला. १४८८ च्या ऑक्टोबरांत, दुसऱ्या वेळीं दिवस गेलेले असतांना, ती वारली. तिचें वय एकोणीस होतें.

दोमेनिको गिरलांदायो या चित्रकारानें काढलेलें तिचें चित्र आज माद्रिद येथील थिसेन-बोर्नेमिसा संग्रहालयांत आहे. सत्याहत्तर सेंटिमीटर उंच आणि एकूणपन्नास रुंद अशी ती लांकडी फळी आहे. जिओव्हान्ना डावीकडे तोंड करून बसली आहे; हातांत रुमाल, अंगावर सोनेरी वेलबुट्टीचा झगा. खांद्याजवळ नवऱ्याच्या नांवाचें 'एल' हें अक्षर विणलेलें आहे. मागें एका कोनाड्यांत एक मौल्यवान जडाव पदक, एक प्रार्थनेची पोथी आणि पोंवळ्यांची माळ दिसते. पदक हें श्रीमंतीचें आणि पोथी व माळ हीं धर्मशीलतेचीं द्योतक, असा अर्थ सहज लागतो. परंतु त्याच कोनाड्यांत एक कागदाचा तुकडा रंगविला आहे, आणि त्यावर मार्शल या प्राचीन रोमन कवीच्या आधारें केलेल्या दोन लॅटिन ओळी आहेत. त्यांचा आशय असा कीं, कलेला हिचें शील आणि मन रंगवितां आलें असतें, तर पृथ्वीवर याहून सुंदर चित्र झालें नसतें. खालीं १४८८ हा सन घातला आहे.

हा कागदाचा तुकडा आम्हांस त्या पदकाहून मोलाचा वाटतो. घराण्याला जें जें दाखवावयाचें होतें तें तें चित्रकारानें दाखविलें. आणि तें सर्व दाखवून झाल्यावर, मुख्य तें राहून गेलें अशी कबुली चित्रांतच लिहून ठेवली. सोनें रंगवितां येतें, एकोणिसाव्या वर्षीं गेलेल्या मुलीचें मन रंगवितां येत नाहीं. सान्ता मारिया नोव्हेल्ला या देवळांत जिओव्हान्नाच्या सासऱ्यानें गिरलांदायोकडूनच भिंतीवरील मोठीं चित्रें काढविलीं. त्यांत मेरी आणि एलिझाबेथ यांच्या भेटीच्या प्रसंगीं हीच जिओव्हान्ना, हाच झगा घालून, पूर्ण उंचीची उभी आहे. तेथें ती घराण्याची सून म्हणून नगरापुढें उभी आहे. फळीवरचें चित्र मात्र घरांत राहिलें.

तें घरांत कोठें राहिलें हेंहि कळतें, आणि तें कळण्याचें कारण दुःखद आहे. १४९७ सालच्या फेब्रुवारींत साव्होनारोला या धर्मोपदेशकाच्या अनुयायांनीं फ्लॉरेन्सच्या चौकांत आरसे, अत्तरें, वाद्यें, मुखवटे आणि चित्रें यांची प्रचंड होळी केली. त्याच वर्षीं ऑगस्टांत, पदच्युत झालेल्या मेदिचींना परत आणण्याच्या कटाबद्दल लोरेंझो तोर्नाबुओनीचा शिरच्छेद झाला. त्याच्या मालमत्तेची यादी करण्यासाठीं कारकून वाड्यांतून खोलीखोलीनें फिरले. सोनेरी छताच्या खोलींत त्यांना सोन्याच्या चौकटींतली एक तसबीर आढळली, आणि ती जिओव्हान्ना देली आल्बिझीची म्हणून त्यांनीं नोंदली. लोरेंझोनें दुसरें लग्न केलें होतें. घरांत दुसरी पत्नी नांदत होती. पहिलीला जाऊन नऊ वर्षें लोटलीं होतीं. तरी तिची तसबीर त्याच्या खोल्यांमधून हालली नव्हती. त्या दुसरीला त्या तसबिरीखालून वावरतांना काय वाटलें असेल, याची नोंद यादींत नाहीं. पण पहिलीची तसबीर भिंतीवर आणि दुसरी संसारांत, हा प्रसंग आपल्या वाड्यांनींहि पुष्कळ पाहिला आहे. आमच्या वाचकभगिनी तो आम्हांहून अधिक जाणतील.

आतां मुख कसें वळलें तें पाहूं. लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयांत बोत्तिचेल्लीचें म्हणून ओळखलें जाणारें स्मेराल्दा बान्दिनेल्ली हिचें चित्र आहे. तें १४७० नंतरच्या पांच वर्षांतील समजतात. ती खिडकीशीं उभी आहे, एक हात चौकटीवर टेकला आहे, आणि ती सरळ आपल्याकडे पाहते. तिच्या अंगावर दागिना जवळजवळ नाहींच. याच सुमारास लिओनार्दोनें जिनेव्हरा दे बेंची हिचें चित्र काढलें. उत्तरेकडील फ्लेमिश चित्रकार तैलरंगांत असें अर्धवट वळलेलें मुख पूर्वींपासून काढीत असत. त्यांचीं चित्रें व्यापाऱ्यांबरोबर फ्लॉरेन्समध्यें येत, आणि तेथील तरुण चित्रकार तीं डोळ्यांत तेल घालून पाहत.

जिनेव्हरेचें लग्न १४७४ मध्यें, तिच्या सोळाव्या वर्षीं, तिच्याहून दुपटीनें मोठ्या असलेल्या लुइजी निक्कोलीनीशीं झालें. पण चित्रांत नवऱ्याचें चिन्ह कोठेंहि नाहीं. तिच्या मागें जुनिपर नांवाचें झुडुप दाट पसरलें आहे. इटालियनमध्यें त्याला जिनेप्रो म्हणतात, म्हणून तो तिच्या नांवावरील श्लेष. फळीच्या मागल्या बाजूस लॉरेल आणि ताड यांच्या फांद्यांमध्यें जुनिपरची डहाळी काढली आहे, आणि रूप हें सद्गुणाला भूषवितें अशा अर्थाचें वचन आहे. लॉरेल आणि ताड हें बेर्नार्दो बेंबो या व्हेनिसच्या वकिलाचें चिन्ह. तो फ्लॉरेन्समध्यें राजकारणासाठीं राहिला होता, आणि जिनेव्हरेविषयीं त्याची भक्ति सर्वांना ठाऊक होती. ही भक्ति त्या काळच्या संकेताप्रमाणें काव्यमय आणि निर्दोष मानली जाई. जिनेव्हरा स्वतःहि कविता करी. तिच्या कवितेची एकच ओळ आज उरली आहे. चित्रांत ती हसत नाहीं, प्रसन्नहि नाहीं. फिकट, थोडी रुसलेली, कोणाचें कांहींहि न ऐकणारी अशी ती दिसते. दागिन्यांनीं नव्हे, तर स्वभावानें लक्षांत राहणारी फ्लॉरेन्सची ही पहिली तसबीर म्हटली तरी चालेल. १९६७ सालीं वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय चित्रशाळेनें ती लिख्टेनस्टाइनच्या राजघराण्याकडून पन्नास लक्ष डॉलरांना घेतली. त्या वेळीं एका चित्राला इतकी किंमत पूर्वीं कधीं पडली नव्हती.

आणि मोना लिसा? ती लिसा गेरार्दीनी, फ्रान्चेस्को देल जोकोंदो या रेशमाच्या व्यापाऱ्याची पत्नी. १४९५ मध्यें पंधराव्या वर्षीं तिचें लग्न झालें. हायडेलबर्ग येथील एका जुन्या पुस्तकाच्या समासांत फ्लॉरेन्सच्या एका सरकारी चिटणीसानें ऑक्टोबर १५०३ मध्यें केलेली टीप अलीकडे, २००५ सालीं, सांपडली. लिओनार्दो तेव्हां लिसा देल जोकोंदोचें मुख रंगवीत होता असें तिच्यांत म्हटलें आहे. त्या सुमारास फ्रान्चेस्कोनें नवें घर घेतलें होतें आणि घरांत दुसरा मुलगा जन्मला होता. त्या आनंदांत त्यानें पत्नीचें चित्र काढावयास सांगितलें असावें, असें मानतात. परंतु चित्र घरीं आलें नाहीं. लिओनार्दो तें वर्षानुवर्षें जवळ बाळगून हात फिरवीत राहिला. तो फ्रान्सला गेला तेव्हां तेंहि गेलें, फ्रेंच राजाच्या संग्रहीं पडलें, आणि शेवटीं लूव्हरमध्यें आलें. १९११ च्या ऑगस्टांत तें चोरीस गेलें, १९१३ च्या डिसेंबरांत सांपडलें. आणि त्या दोन वर्षांत जगांतील वृत्तपत्रांनीं तिचें मुख घरोघर पोंचविलें. जी तसबीर स्वतःच्या घरच्या भिंतीवर एक दिवसहि लागली नाहीं, ती परक्यांच्या घरांत सर्वांत अधिक लागावी, हा दैवाचा विनोद खराच!

चित्रांतली स्त्री जगाकडे पाहूं लागली, तरी चित्र आणि स्त्री या दोन वस्तु निराळ्या, हें त्या स्त्रियांनाहि ठाऊक होतें. मिलानच्या लुदोविको स्फोर्झाच्या आश्रयाला असलेल्या चेचिलिया गाल्लेरानीचें, हातांत पांढरें अर्मिन घेतलेलें चित्र लिओनार्दोनेंच काढलें होतें; तें आज पोलंडमध्यें क्राकोव्ह येथें आहे. १४९८ च्या एप्रिलांत मान्तुआची मार्केझा इझाबेल्ला देस्ते हिनें लिओनार्दोची आणि बेल्लीनीची तुलना करून पाहण्यासाठीं तें चित्र मागविलें. चेचिलियेनें तें पाठविलें, पण सोबत कळविलें कीं, हें माझ्यासारखें राहिलेलें नाहीं. दोष चित्रकाराचा नव्हे, त्याच्या तोडीचा दुसरा नाहीं. मी अगदीं अजाण वयाची असतांना हें काढलें आणि त्यानंतर मी पार बदललें आहें. केवढी शांत आणि स्वच्छ दृष्टि! इझाबेल्लेला मात्र ही दृष्टि साधली नाहीं. साठी उलटल्यावर, १५३६ मध्यें, तिनें तिशियनकडून आपलें चित्र काढविलें तें नवयौवनांतलें. व्हिएन्नामध्यें तें अजून तरुण आहे.

तिशियनच्याच हातीं त्याच वर्षीं या परंपरेचा दुसरा टोंकाचा प्रकार झाला. उर्बीनोच्या ड्यूकनें आपल्या माणसाला लिहिलें कीं, तिशियनकडचें तें निळ्या झग्यांतल्या बाईचें चित्र पुरें करवून घ्या. ती बाई कोण, हें ड्यूकनें लिहिलें नाहीं. बहुधा त्याला त्याची गरजहि नव्हती. फ्लॉरेन्सच्या पित्ती वाड्यांत 'ला बेल्ला', म्हणजे नुसती 'सुंदरी', या नांवानें ती आज लागलेली आहे. येथें लेक नाहीं, सून नाहीं, कुळ नाहीं. भिंतीची शोभा तेवढी उरली. चित्र अप्रतिम आहे यांत शंका नाहीं. परंतु बाल्दोविनेत्तीच्या स्त्रीचें नांव काळानें नेलें, हिचें तर आरंभींच कोणी विचारलें नाहीं, हा भेद विसरतां येत नाहीं.

अशा वेळीं क्रेमोना येथील आंग्विस्सोलांच्या घरांत शिरलें म्हणजे मन हलकें होतें. आमिल्कारे आंग्विस्सोला या गृहस्थाला सहा मुली. त्यानें त्यांना हुंड्याइतकीच विद्याहि द्यावयाचें ठरविलें. थोरली सोफोनिस्बा चित्रकला शिकली आणि घरांतल्याच माणसांचीं चित्रें काढूं लागली. १५५५ मध्यें तिनें आपल्या तीन बहिणी बुद्धिबळ खेळत असल्याचें चित्र काढलें. एकीनें चाल करून आपल्याकडे पाहिलें आहे, दुसरीनें कांहीं बोलण्यासाठीं हात उचलला आहे, धाकटी खळखळून हसते आहे, आणि मागून घरची वृद्ध दाई पाहते आहे. बुद्धिबळाच्या पटाच्या कडेवर चित्रकर्तीनें आपलें आणि बापाचें नांव लिहिलें आहे. १५६६ च्या सुमारास चित्रकारांचा चरित्रकार वासारी क्रेमोनाला गेला, तेव्हां त्यानें हें चित्र आमिल्कारेच्याच घरीं पाहिलें, आणि त्यांतील माणसांना फक्त वाचेचीच उणीव आहे असें लिहून ठेवलें. मूळ घरच्या भिंतीवर असतांना कोणा जाणकारानें पाहिलेलें आणि वर्णिलेलें असें हें चित्र आहे. त्यांतही दागिने आहेत, भरजरी झगे आहेत. पण पाहणाऱ्याचें लक्ष खेळावर आणि हसण्यावर जातें. घरच्या मुलीनें घरच्या मुली रंगविल्या, तेव्हां प्रतिष्ठा आपोआप मागें सरली.

सोफोनिस्बा पुढें स्पेनच्या दरबारीं गेली, आणि दीर्घायुषी झाली. १६२४ मध्यें व्हॅन डाइक हा तरुण फ्लेमिश चित्रकार पालेर्मो येथें तिच्या दर्शनास गेला. नव्वदी उलटलेली, दृष्टि गेल्यासारखी, पण बुद्धि तल्लख. तो तिचें चित्र काढूं लागला तेव्हां तिनें सांगितलें कीं, उजेड फार वरून घेऊं नको, नाहींतर सुरकुत्यांच्या सावल्या गडद पडतील. त्याच्या टिपणवहींत ही गोष्ट नमूद आहे, आणि ती वही ब्रिटिश म्युझियममध्यें आहे.

हीं चित्रें घरांतून बाहेर कशीं पडलीं आणि पुन्हां घरांत कशीं आलीं, तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. घराणीं बुडालीं, वांटण्या झाल्या, वाडे विकले, तशा तसबिरी दलालांच्या हातीं गेल्या. १८६७ मध्यें इंग्रज कवि आणि चित्रकार रोझेटी यानें स्मेराल्देचें तें चित्र लंडनच्या लिलावांत वीस पौंडांना घेतलें, आपल्या घरीं लावलें, आणि १८८३ मध्यें तीनशें पंधरा पौंडांना विकलें. जिओव्हान्ना न्यूयॉर्कच्या मॉर्गन या धनाढ्याच्या ग्रंथालयांत जाऊन राहिली. तरी थोडक्या धनिकांच्या पलीकडे तीं नेण्याचें काम छायाचित्रानें आणि छापखान्यानें केलें. फ्लॉरेन्समध्यें आलिनारी बंधूंनीं १८५२ मध्यें छायाचित्रांची पेढी काढली. लंडनमध्यें १९०८ मध्यें मेदिची सोसायटी निघाली आणि जुन्या चित्रांच्या रंगीत प्रती मध्यमवर्गाच्या आंवाक्यांत आल्या. आपल्याकडे त्याआधींच, १८९४ मध्यें, राजा रविवर्म्याचा शिळाछापखाना मुंबईंत निघाला होता. देवादिकांबरोबर शकुंतला आणि दमयंती चाळींतल्या भिंतींवरहि आल्या, त्या याच मार्गानें. युरोपच्या तैलचित्रांतून आलेलें तें वळलेलें मुख आणि तो अंगावर खेळणारा उजेड महाराष्ट्रांतल्या घरांना रविवर्म्यानें परिचित करून दिला होता. म्हणूनच पुढें इटलीच्या स्त्रिया आल्या तेव्हां त्या फार परक्या वाटल्या नाहींत.

छापील प्रतींत कांहीं गोष्टी हरवतात, हें तसबीर लावणाऱ्यानें जाणून असावें. जिनेव्हरेचें चित्र चौरस फुटाहून थोडें मोठें, हातांत धरून उलटून पाहण्याजोगें होतें. भिंतीवरच्या प्रतीला पाठ नसते. तिच्या मागचें जुनिपर आज तपकिरी दिसतें, तें मूळचें हिरवें; रंग काळानें पालटला. बहुतेक चित्रें जवळून, बसल्या दृष्टीच्या उंचीवर पाहण्यासाठीं केलेलीं आहेत. त्यांची चौपट मोठी प्रत करून दिवाणखान्यांत उंच टांगली, तर मोत्यें तेवढीं मोठीं होतात, मुख दूर जातें. लहान प्रत, बसण्याच्या जागेजवळ, फार तीव्र उजेड पडणार नाहीं अशी लावावी. सोफोनिस्बेचा उपदेश येथेंहि लागू आहे.

परंतु याहून महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. या चित्रांची मोहिनी कोठें आहे, असें आम्हीं आरंभीं विचारलें. आमचें उत्तर असें कीं, घरानें जें मागितलें आणि मुखानें जें दिलें, त्या दोहोंमध्यें या चित्रांत एक अंतर राहतें, आणि पाहणाऱ्याचें मन त्या अंतरांत गुंततें. घरानें हुंड्याचा, दागिन्यांचा, कुळाचा लेख मागितला. तो लेख आज कोणालाहि वाचतां येत नाहीं, वाचण्याची इच्छाहि नाहीं. मुखानें मात्र कांहीं सांगावयाचें राखून ठेवलें, आणि तें ऐकण्यासाठीं लोक अजून थांबतात. जीं घराणीं या लेकीसुनांना आपल्या शोभेसाठीं भिंतीवर लावीत होतीं, त्यांपैकीं कित्येकांचीं नांवें आज केवळ या लेकीसुनांमुळें घेतलीं जातात.

तेव्हां अशी तसबीर लावणाऱ्याकडे आमचें मागणें लहानसें आहे. 'एक इटालियन सुंदरी' म्हणून तिला लावूं नये. नांव ठाऊक असेल तर चौकटीखालीं तें लिहावें, वर्ष लिहावें, आणि मुलाबाळांनीं विचारलें तर ती कोणाची कोण, किती वर्षें जगली, तें सांगावें. लोरेंझो तोर्नाबुओनीच्या वाड्याची यादी करणारे ते कारकून मालमत्तेच्या मोजदादीसाठीं आले होते. त्यांना कलेशीं कांहीं कर्तव्य नव्हतें. तरी त्यांनीं 'एका स्त्रीची तसबीर' असें लिहून काम उरकलें नाहीं. तिचें नांव लिहिलें, आणि तेंहि माहेरच्या कुळासह लिहिलें. त्या एका ओळीनें ती तसबीर कोठें होती हें आज आपणांस कळतें. कारकुनांनीं जेवढें केलें, तेवढें रसिकांनीं करावयास हरकत नसावी.